नवा फोन घेण्यापूर्वी : जुन्या मोबाईलवरील वाय-फाय कसे तपासावे?

कात्री, तराजू, पाना आणि रंधा यांच्या पंक्तीत आता मोबाईल फोनही येऊन बसला आहे. बीडच्या शिंप्याकडे कपड्याचे नमुने व्हॉट्सॲपवर येतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाचा माल उचलणारा बागवान गाडी भरण्यापूर्वी पुण्याचा भाव फोनवर विचारतो. वेल्डिंगचा कारागीर गेटचा नमुना गिऱ्हाइकाला आधी फोनवर दाखवितो आणि पसंती मिळाल्यावरच लोखंड कापतो. उधारीची नोंद, मापे, मालाचे फोटो, घाऊक व्यापाऱ्यांचे नंबर हे सर्व या एका अवजारात साठलेले असते.

दुकानातील हा फोन बहुधा नवा नसतो. घरातील मुलाने नवा फोन घेतला की त्याचा जुना फोन दुकानात येतो. एके दिवशी त्यावरील वाय-फाय लागेनासे होते किंवा दर दहा मिनिटांनी तुटू लागते. फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला की अनेकदा तीनपैकी एक उत्तर मिळते. 'रीसेट मारावा लागेल', 'नवीन सॉफ्टवेअर टाकावे लागेल' किंवा 'फोन जुना झाला, आता नवा घ्या'. पहिल्या दोन उपायांत फोनमधील सर्व नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो, तर तिसऱ्यात महिन्याची कमाई जाते. आणि इतके करूनही दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या तारेतच असेल, तर नव्या फोनवरही वाय-फाय लागत नाही.

म्हणून दोष कोठे आहे हे आधी ठरवावे आणि मगच खिशात हात घालावा, हा या पाठाचा सारांश आहे. त्यासाठी लागणारा क्रम आम्ही येथे देत आहोत. यातील बहुतेक पायऱ्यांना एक पैसाही खर्च येत नाही.

चार दुवे

नळाला पाणी आले नाही म्हणून आपण लगेच तोटी बदलत नाही. विहिरीत पाणी आहे काय, मोटार चालू आहे काय, पाईप फुटला आहे काय, हे पाहून मग तोटीकडे वळतो. वाय-फायचेही तसेच आहे. पहिला दुवा म्हणजे बाहेरून येणारी तार, म्हणजे कंपनीची किंवा केबलवाल्याची लाईन. दुसरा दुवा राउटर, म्हणजे भिंतीवर लावलेला दिव्यांचा डबा. तिसरा दुवा राउटर आणि फोन यांच्यामधील हवा, भिंती व पत्रे. चौथा दुवा आपला फोन.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाय-फाय म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातील बिनतारी संबंध होय. इंटरनेट राउटरच्या पलीकडून, तारेने येते. फोनवर वाय-फायची खूण पूर्ण दिसत असूनही इंटरनेट नसणे शक्य आहे, आणि त्या वेळी फोनची दुरुस्ती करून काहीही उपयोग होत नाही.

दोन कसोट्या

पहिली कसोटी अशी. दुसऱ्या कोणाचा फोन त्याच वाय-फायला जोडावा, त्यावरील मोबाईल डेटा बंद करावा आणि एखादे पान उघडून पाहावे. त्या फोनवरही इंटरनेट येत नसेल तर आपला फोन निर्दोष आहे. दोष राउटरमध्ये किंवा लाईनमध्ये आहे.

दुसरी कसोटी याच्या उलट. आपला जुना फोन शेजारच्या दुकानातील वाय-फायला, त्यांच्या परवानगीने, जोडून पाहावा. तशी सोय नसेल तर दुसऱ्या फोनवरील हॉटस्पॉट चालू करून त्याला जोडावा. तेथे फोन नीट चालला तर फोनचे यंत्र शाबूत आहे आणि दोष आपल्या राउटरच्या व फोनच्या जुळणीत आहे. फोन कोठेच लागत नसेल, तर मात्र दोष फोनमध्ये आहे असे समजावे. हॉटस्पॉट देणारा फोन नवा असेल तर त्याच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा निवडावा. अन्यथा जुन्या फोनला हॉटस्पॉटचे नावच दिसणार नाही आणि निष्कर्ष चुकेल. याचे कारण पुढे येईलच.

दोन्ही कसोट्यांना मिळून पाच-दहा मिनिटे लागतात. या केल्याशिवाय फोन कोणाच्याही हाती देऊ नये.

कधीकधी दोष चारही दुव्यांत नसतो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीडमध्ये हिंसाचार झाला, तेव्हा संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवाही काही काळ बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी फोनच्या सेटिंगशी झटापट करणे व्यर्थ आहे. म्हणून सर्वांत आधी शेजारच्या दोन दुकानांत विचारावे. सगळ्यांचेच बंद असेल तर थांबावे.

फोन काय सांगतो ते वाचावे

वाय-फायच्या यादीत आपल्या राउटरच्या नावाखाली फोन बारीक अक्षरांत काही शब्द दाखवितो. बहुतेक लोक ते वाचत नाहीत. परंतु दोषाचा निम्मा शोध तेथेच लागतो.

'कनेक्टेड, नो इंटरनेट' असे दिसले तर फोन राउटरपर्यंत पोहोचला आहे, पण पुढे इंटरनेट नाही. राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या राउटरवर 'लॉस' नावाचा दिवा लाल जळत असेल तर प्रकाशाचा संदेशच येत नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा निसटली आहे. लाईनमनला बोलवावे. फायबरची तार स्वतः ओढू नये, दुमडू नये आणि तिच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये.

'इनकरेक्ट पासवर्ड' किंवा 'ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम' असे दिसले तर पासवर्ड चुकला आहे, किंवा राउटरची सुरक्षापद्धत जुन्या फोनला समजत नाही. पासवर्ड टाकताना 'पासवर्ड दाखवा' या चौकोनावर खूण करावी. इंग्रजीतील मोठी व लहान लिपी, तसेच शून्य आणि 'ओ' हे अक्षर यांत नेहमी घोटाळा होतो. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस' येथेच फोन अडकून राहिला तर त्याचा अर्थ वेगळा आहे. राउटर आपल्याशी जोडलेल्या प्रत्येक फोनला एक क्रमांक देतो, जसा डाकियाला घरक्रमांक लागतो तसा. हा क्रमांक बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. तो मिळाला नाही तर पुढचा व्यवहार होत नाही. राउटर एक मिनिट बंद करून पुन्हा चालू करावा. तरीही अडले तर फोनमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'आयपी सेटिंग्ज' पाहावे. तेथे कोणी 'स्टॅटिक' केले असेल तर ते बदलून 'डीएचसीपी' करावे.

नावाखाली नुसते 'सेव्हड' दिसत असेल तर फोनला नाव व पासवर्ड ठाऊक आहे, पण तो जोडला गेलेला नाही. नावावर बोट ठेवून 'कनेक्ट' करून पाहावे. त्याने जमले नाही तर पुढे दिलेला 'फर्गेट' हा उपाय करावा.

यादीत इतरांची नावे दिसतात आणि फक्त आपल्याच राउटरचे नाव दिसत नसेल, तर पट्ट्याचा किंवा चॅनलचा प्रश्न आहे. कोणतेच नाव दिसत नसेल किंवा वाय-फायचे बटण दाबूनही चालू होत नसेल, तर फोनच्या आतील भागाचा प्रश्न आहे.

बिनखर्चाचे उपाय, क्रमाने

पुढील उपाय दिलेल्या क्रमाने करावेत आणि प्रत्येक उपायानंतर वाय-फाय लागते काय ते पाहावे. दोन-तीन उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

१) फोन पूर्ण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. राउटरचेही तसेच करावे. राउटर पूर्ण तयार व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढी वाट पाहावी.

२) 'एरोप्लेन मोड' दहा सेकंद चालू ठेवून बंद करावा.

३) फोनमधील तारीख व वेळ पाहावी. बॅटरी पूर्ण उतरून काही दिवस पडून राहिलेल्या फोनची तारीख मागे जाते. बँकांची व इतर सुरक्षित संकेतस्थळे प्रत्येक भेटीत एक प्रमाणपत्र दाखवितात आणि फोन त्याची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकले असेल तर फोनला प्रमाणपत्र खोटे वाटते. मग वाय-फाय लागलेले असूनही काहीच उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की काम होते.

४) राउटरच्या नावावर बोट दाबून धरावे आणि 'फर्गेट' निवडावे. नंतर पासवर्ड टाकून नव्याने जोडावे. राउटर बदलला असेल किंवा पासवर्ड बदलला असेल तर हा उपाय हमखास लागू पडतो.

५) फोनचा पडदा बंद झाला की वाय-फाय तुटते आणि पडदा लावला की पुन्हा जोडले जाते, असे होत असेल तर तो बहुधा बिघाड नसून बचतीचे सेटिंग असते. जुन्या अँड्रॉइड फोनांत वाय-फायच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'कीप वाय-फाय ऑन ड्युरिंग स्लीप' असा पर्याय असतो. तो 'ऑल्वेज' करावा. 'बॅटरी सेव्हर' बंद करावा.

६) ब्लूटूथ बंद करून पाहावे. ब्लूटूथ आणि जुने वाय-फाय एकाच पट्ट्यातून चालतात आणि बऱ्याच फोनांत दोहोंना अँटेनाही एकच असते. कानातील बिनतारी यंत्र किंवा ब्लूटूथवरील बिल छापण्याचे यंत्र चालू असताना वाय-फाय मंदावते, ते यामुळे.

७) फोनमध्ये कोणी 'व्हीपीएन' किंवा 'प्रॉक्सी' बसविली असेल तर ती बंद करावी.

८) हे सर्व करून झाल्यावर 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' करावे. काही फोनांत याचे नाव 'रीसेट वाय-फाय, मोबाईल अँड ब्लूटूथ' असे असते. याने वाय-फायचे साठविलेले पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. फोटो, नंबर व व्हॉट्सॲप यांना धक्का लागत नाही.

दोन रीसेटमधील फरक

येथे बांधवांनी विशेष सावध राहावे. 'नेटवर्क रीसेट' आणि 'फॅक्टरी डेटा रीसेट' ही नावे एकाच यादीत एकाखाली एक असतात. पहिल्याने फक्त जोडण्या जातात, तर दुसऱ्याने फोन कोरा होतो. 'इरेझ ऑल डेटा' या शब्दांचा अर्थही तोच. शिंप्याची शंभर गिऱ्हाइकांची मापे आणि किराणा दुकानदाराची उधारी त्या एका बटणाने जाते. ज्याने ते बटण दाबले त्याचे काहीच जात नाही.

कोणी फॅक्टरी रीसेटचा सल्ला दिला तर आधी तीन गोष्टी कराव्यात. व्हॉट्सॲपच्या 'चॅट बॅकअप' मधून नोंदी गूगल खात्यावर चढवाव्यात. वाय-फाय बंद असेल तर हे काम मोबाईल डेटावर करता येते. फोटो व नंबर दुसऱ्या फोनवर किंवा मेमरी कार्डवर उतरवून घ्यावेत आणि कार्ड फोनमधून बाहेर काढावे. तिसरी गोष्ट म्हणजे गूगल खात्याचे नाव व पासवर्ड आपल्याला ठाऊक आहे याची खात्री करावी. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा घालण्यासाठी एक कुलूप दिलेले आहे. पडद्याचे कुलूप न उघडता, बाहेरील बटणे दाबून रीसेट केल्यास फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. अनेकांचे खाते फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेले असते. पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि चालता फोन बंद पडतो.

वाय-फायच्या दुखण्यासाठी फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय आहे. दोन्ही कसोट्या करून दोष फोनमध्येच आहे असे ठरले असेल, तरच त्याचा विचार करावा.

जुना फोन आणि नवा राउटर

फोन काल चालत होता आणि राउटर नवा आल्यापासून चालत नाही, अशी तक्रार असेल तर दोहोंपैकी कोणीच बिघडलेले नसण्याचा संभव जास्त. त्यांची भाषा जुळत नाही, एवढेच.

बिनतारी जोडणीचे पहिले मानक १९९७ साली निघाले. पुढे २००९ आणि २०१३ साली सुधारित मानके आली आणि त्यानंतर वाय-फाय ६ आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०१८ साली मोठी मोकळीक देण्यात आली. कमी किमतीच्या अनेक जुन्या फोनांना फक्त २.४ चा पट्टा समजतो. त्यांना ५ गिगाहर्ट्झवरील नाव यादीत दिसतच नाही. राउटरच्या नावापुढे लिहिलेले '५जी' म्हणजे मोबाईल कंपनीचे ५जी नव्हे, हेही लक्षात घ्यावे. ते ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्याचे नाव आहे.

सुरक्षेचेही तसेच. 'डब्ल्यूपीए २' ही पद्धत २००४ ची आहे आणि 'डब्ल्यूपीए ३' ही २०१८ ची. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए ३ ची सोय २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या फोनपुढे राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवला तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही.

उपाय असा. राउटर बसविणाऱ्या माणसाला पुढील पाच गोष्टी करून देण्यास सांगावे. २.४ आणि ५ या पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. २.४ च्या पट्ट्यावर डब्ल्यूपीए २ किंवा 'डब्ल्यूपीए २/३ मिश्र' पद्धत ठेवावी. चॅनल 'ऑटो' वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडावा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. शिवाय काही जुन्या फोनांना १२ व १३ हे चॅनल दिसत नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. आणि २.४ वर वाय-फाय ६ ची पद्धत चालू असेल तर ती बंद करून पाहावे, कारण काही जुन्या फोनांना तिचा संदेश वाचता येत नाही. हे काम दहा मिनिटांचे आहे. नवा फोन घेण्याची गरज अनेकदा येथेच संपते.

माळवद, पत्रा आणि आरसा

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि दोन-दोन फूट जाडीच्या असतात. उन्हाळ्यात त्या गारवा देतात, पण वाय-फायच्या लहरी त्यांत मुरून जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर एका जाड भिंतीतही अडखळतात. २.४ च्या त्यामानाने बऱ्या जातात. पत्र्याचे शेड, लोखंडी शटर, तिजोरी व गोदरेजचे कपाट यांवरून लहरी परत फिरतात. शिंप्याच्या किंवा केशकर्तनालयाच्या दुकानातील मोठा आरसाही धातूच्या मुलाम्यामुळे तसाच वागतो. पाण्याची भरलेली टाकी लहरी शोषून घेते. बेकरी किंवा हॉटेलातील मायक्रोवेव्ह भट्टी २.४ च्याच पट्ट्यात काम करते. ती चालू असताना जवळचे वाय-फाय अडखळू शकते.

म्हणून राउटर कपाटामागे, गल्ल्याखाली किंवा शटरच्या पेटीजवळ ठेवू नये. तो छातीपेक्षा उंच, मोकळ्या जागी आणि जेथे फोन वापरला जातो त्या खोलीतच लावावा. मागच्या खोलीत कारखाना असेल तर तेथपर्यंत तार ओढून दुसरा लहान राउटर लावणे हा भिंतीशी झुंजण्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

फोनवरील कांड्या पाहून फसू नये. राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो, एवढेच त्या दाखवितात. फोनचा आवाज राउटरपर्यंत पोहोचतो की नाही हे त्या सांगत नाहीत. जुन्या फोनचा आवाज लहान असतो. म्हणून दोन-तीन कांड्या असूनही फोटो येतात, पण पाठविलेले जात नाहीत, असा अनुभव येतो. अशा वेळी राउटरजवळ जाऊन पाठवून पाहावे.

विजेचाही विचार करावा. वीज वारंवार जाऊन येते तेथे राउटरचा ॲडॉप्टर हळूहळू कमजोर होतो. दिवे लागतात, पण राउटर अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होतो. ॲडॉप्टर बदलताना त्यावरील व्होल्टचा आकडा जुन्या इतकाच असावा आणि अँपिअरचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. राउटरसाठी मिळणारा लहान बॅकअप घेतानाही हाच नियम पाळावा.

दोष फोनमध्येच असेल तर

फोन राउटरपासून तीन फुटांवर नेऊन वाय-फाय लावावे आणि मग दहा पावले दूर जावे. जवळ पूर्ण कांड्या आणि थोड्या अंतरावर एकही नाही, असे झाले तर अँटेनाचा संपर्क सुटला आहे असे मानावे. पडदा किंवा बॅटरी बदलल्यानंतर हा दोष सुरू झाला असेल तर ते जवळजवळ निश्चित आहे. अनेक फोनांत अँटेना मागच्या झाकणात किंवा चौकटीत असते आणि ती बारीक धातूच्या पट्टीने मुख्य पाटीला टेकते. झाकण नीट बसले नाही की संपर्क जातो. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात 'वाय-फाय चालत नाही' असे न सांगता 'अँटेनाचे संपर्क तपासा' असे स्पष्ट सांगावे आणि काम समोर बसून करून घ्यावे.

वाय-फायचे बटण चालूच होत नसेल तर 'अबाउट फोन' मधील 'स्टेटस' पाहावे. वाय-फायच्या पत्त्यासमोर 'अनअव्हेलेबल' असे लिहिलेले असेल तर फोनला आपलीच वाय-फायची चकती सापडत नाही. फोन गार झाल्यावर तो पत्ता परत येत असेल तर चकतीचे टाके सुटत आले आहेत. याची दुरुस्ती मुख्य पाटीवर करावी लागते आणि जुन्या फोनच्या किमतीच्या मानाने ती क्वचितच परवडते. बॅटरी फुगली असेल, मागचे झाकण उचलले गेले असेल, तर तो फोन चार्जिंगला लावू नये. आधी बॅटरी बदलावी.

वाय-फाय उत्तम असूनही काही ॲप व संकेतस्थळे उघडत नाहीत, हा तिसरा प्रकार आहे. त्यात वाय-फायचा दोष नसतो. अँड्रॉइड ५ पेक्षा जुन्या फोनांवर व्हॉट्सॲपने २०२३ साली पाठिंबा थांबविला. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची प्रमाणपत्रे असंख्य संकेतस्थळे वापरतात. त्यांचे जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले आणि अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनांसाठी केलेली जादा सोयही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. अशा फोनवर राउटर बदलून किंवा रीसेट करून काहीही साधत नाही. येथे मात्र फोन बदलण्याचा सल्ला खरा असतो.

पैशाचे व्यवहार आणि वाय-फाय

वाय-फाय बंद पडले की दुकानदाराची खरी अडचण पैशाच्या वेळी होते. काउंटरवर चिकटविलेल्या क्यूआर कोडवर गिऱ्हाइकाने पैसे भरले तर ते बँकेच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी आपला फोन चालू असण्याची गरज नसते. पण पैसे खरोखर आले की नाही हे आपल्याला कळत नाही आणि याच फटीतून फसवणूक होते. गिऱ्हाइकाच्या फोनवरील हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तसे चित्र बनविता येते. अशा वेळी मोबाईल डेटा चालू करून आपल्या खात्यातील जमा पाहावी किंवा बँकेचा संदेश येईपर्यंत थांबावे. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः ईदच्या आधीच्या आठवड्यात, हा नियम मोडला जातो आणि हिशेब रात्री कमी भरतो. नम्रपणे थांबण्यास सांगण्यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही.

यूपीआयचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदविलेल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. तो वाय-फायवरून जात नाही. म्हणून सिम नसलेल्या किंवा एसएमएसची सोय संपलेल्या फोनवर कितीही चांगले वाय-फाय असले तरी नोंदणी पूर्ण होत नाही.

ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षेची सुधारणा येणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे ॲप ठेवू नये. तो फोन मालाचे फोटो दाखविणे, नमुने मागविणे व भाव विचारणे यांसाठी वापरावा. पैशाचा व्यवहार घरातील नव्यात नव्या फोनवर करावा.

वाय-फायला कुलूप असावे, म्हणजे पासवर्ड असावा. जुन्या फोनला जोडणे सोपे जावे म्हणून काही जण पासवर्डच काढून टाकतात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे निष्पन्न झाले होते आणि तपास त्या घराच्या दारात पोहोचला होता. राउटर आपल्या नावावर असतो. त्यातून गेलेल्या प्रत्येक गोष्टीची पहिली विचारणा आपल्याकडेच होते. गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचेच असेल तर राउटरमधील 'गेस्ट' नावाची वेगळी सोय वापरावी आणि तिचा पासवर्ड अधूनमधून बदलावा.

कागदावर लिहून ठेवावे

शेवटी एक साधी सूचना. एका कागदावर पाच गोष्टी लिहून तो गल्ल्यात ठेवावा. वाय-फायचे नाव व पासवर्ड, केबलवाल्याचा नंबर व आपला ग्राहक क्रमांक, राउटरचा स्वतःचा पासवर्ड, फोनमधील गूगल खात्याचे नाव व पासवर्ड, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटी कधी घेतला ती तारीख. हा कागद भिंतीवर लावू नये.

मग वाय-फाय गेले की क्रम ठरलेला आहे. आधी शेजारी विचारावे. नंतर दुसरा फोन लावून पाहावा. नंतर आपला फोन दुसरीकडे लावून पाहावा. नंतर फोनवरील बारीक अक्षरे वाचावीत आणि आठ बिनखर्चाचे उपाय करावेत. नंतर राउटरची जुळणी व जागा पाहावी. एवढे करूनही जमले नाही तर दुरुस्तीच्या दुकानात जावे, आणि कोणता दुवा तपासून झाला आहे व कोणता राहिला आहे हे त्याला सांगावे. ज्या गिऱ्हाइकाला आपल्या वस्तूचा दोष ठाऊक असतो, त्याचे काम कारागीरही जपून करतो. हे आपल्या धंद्यावरून आपण जाणताच.